प्रथिनांचा मुक्काम
(प्रस्तावना)

इन्सुलिनच्या रेणूत ५१ अमिनो आम्लं असतात. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत त्याची साखळी तयार होते तेव्हा मात्र ती ११० अमिनो आम्लांची असते. तिच्या मधला ३१ अमिनो आम्लांचा एक तुकडा पुढे कापून वेगळा होतो. मधुमेहाच्या रुग्णांना डॉक्टर जी ‘सी-पेप्टाइड’ची चाचणी सांगतात, ती याच तुकड्याची. लॅबच्या रिपोर्टमुळे निदान त्याचं नाव तरी लोकांच्या कानावर आलेलं असतं. साखळीच्या अगदी सुरुवातीची २४ अमिनो आम्लं मात्र कुठल्याच रिपोर्टात येत नाहीत, कारण साखळी आपल्या पहिल्या मुक्कामी शिरली की ती छाटली जातात. रक्तातली साखर उतरवण्यात त्यांचा काडीचाही वाटा नाही. तरीसुद्धा त्यांतल्या सहाव्या जागेवरचं अमिनो आम्ल बदललं, तर त्या व्यक्तीला मधुमेह होऊ शकतो.

या २४ अमिनो आम्लांचं काम एकच आहे: नुकत्या तयार होऊ लागलेल्या साखळीला आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलापाशी आणणं आणि त्या पटलातून आत शिरायला वाट मिळवून देणं. हे पुस्तक अशा वाटांबद्दल आहे.

शाळा-कॉलेजातल्या पेशीच्या आकृतीत प्रत्येक अंगकाला एक रंग आणि एक वाक्य मिळतं. रायबोसोम प्रथिनं बनवतात. गॉल्गी संकुल त्यांची वर्गवारी करून पाठवणी करतं. तंतुकणिका ऊर्जा देतात. ही वाक्यं चूक नाहीत, पण पहिल्या आणि दुसऱ्या वाक्याच्या मध्ये पेशीशास्त्रातला एक अवघड प्रश्न गडप झालेला असतो. आपल्या पेशीत बाहेरचं प्रद्रव्यपटल आहे, केंद्रकाचं दुहेरी आवरण आहे, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका आणि पेरॉक्सिझोम यांची आपापली पटलं आहेत, तंतुकणिकांना तर एकात एक अशी दोन आहेत. यांतल्या प्रत्येक पटलात वेगळी प्रथिनं बसलेली असतात आणि त्या प्रथिनांमुळेच त्या पटलाला त्याचं काम करता येतं. माणसाच्या प्रथिनं घडवणाऱ्या जनुकांपैकी ढोबळमानाने पाव हिस्सा जनुकं पटलात रुतून बसणाऱ्या प्रथिनांची आहेत. आणि ही जवळजवळ सगळी प्रथिनं घडायला सुरुवात होते एकाच ठिकाणी, पेशीद्रव्यातल्या रायबोसोमवर. तंतुकणिकांकडे स्वतःचा डीएनए असला तरी माणसात त्यावर फक्त १३ प्रथिनांची माहिती आहे. बाकीची हजाराहून अधिक प्रथिनं त्यांना बाहेरून आणावी लागतात. मग कुठल्या प्रथिनाने कुठे जायचं हे ठरतं कसं?

रस्त्याचा नकाशा आधी हाती आला. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जॉर्ज पालाडे आणि जेम्स जेमिसन यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पातळ चकत्यांना काही मिनिटं किरणोत्सारी अमिनो आम्ल पुरवलं, मग ते धुऊन टाकून साधं अमिनो आम्ल दिलं, आणि ठरावीक वेळाने चकत्या काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली किरणोत्सार कुठवर पोहोचला ते पाहिलं. तो आधी खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेत दिसला, मग गॉल्गीजवळ, मग पाचक रसांच्या दाण्यांत आणि शेवटी पेशीबाहेर. १९७४ साली पालाडे यांना आल्बेर क्लोद आणि क्रिस्तियान द द्यूव्ह यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं. पण पहिल्याच दाराशी काय घडतं, हे या नकाशात नव्हतं. काही रायबोसोम आंतर्द्रव्यजालिकेला चिकटलेले असतात, काही पेशीद्रव्यात मोकळे असतात, आणि दोन्ही तपासले तर त्यांच्यात काहीही फरक सापडत नव्हता.

रॉकफेलरमध्येच काम करणाऱ्या ग्युंटर ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी यांनी १९७१ साली एक कल्पना मांडली: फरक रायबोसोममध्ये नसेल, तो जी साखळी घडते आहे तिच्या पुढच्या टोकात असेल. तेव्हा या कल्पनेला जवळजवळ काहीच आधार नव्हता. पुढच्या वर्षी केंब्रिजमध्ये सेझार मिल्स्टाइन आणि सहकाऱ्यांना दिसलं की अँटिबॉडीची हलकी साखळी परीक्षानळीत बनवली तर ती पेशीतून बाहेर पडणाऱ्या साखळीपेक्षा थोडी लांब निघते. जास्तीचा तुकडा पुढच्या टोकाला होता.

१९७५ साली ब्लोबेल आणि बर्नहार्ड डोबरस्टाइन यांनी जो प्रयोग प्रसिद्ध केला त्यापाशी मी वाचकाला थोडा वेळ थांबवणार आहे, कारण या पुस्तकातलं पुढचं जवळजवळ सगळं त्यातून निघालं. त्यांनी प्रथिन बनवण्याची यंत्रणा पेशीबाहेर, नळीत उभी केली. संदेशवाहक आरएनए उंदराचा होता, पटलं कुत्र्याच्या स्वादुपिंडातून काढलेली. नळीत पटलं घातलीच नाहीत तेव्हा लांब साखळी तयार झाली. पटलं आधीपासून घातली तेव्हा आखूड, म्हणजे पुढचा तुकडा छाटलेली साखळी मिळाली. त्यावर प्रथिनं पचवणारं विकर सोडलं तरी ती शाबूत राहिली, कारण ती पटलाच्या पलीकडे सुरक्षित जाऊन पोहोचली होती. आणि पटलं जर साखळी पूर्ण झाल्यानंतर घातली, तर काहीच घडलं नाही. साखळी लांबच राहिली, बाहेरच राहिली, आणि विकराने ती खाऊन टाकली. पुढच्या टोकातला तोच संकेत, तेच पटल; पण गाठ पडायची वेळ निघून गेली होती.

वेळेचा हा मुद्दा मला या विषयाचा गाभा वाटतो. ‘प्रत्येक प्रथिनावर त्याचा पत्ता लिहिलेला असतो’ असं एक वाक्य आपण शिकवतो आणि पुढे जातो. त्यात दोन गोष्टी निसटतात. एक म्हणजे तो संकेत वाचला जाण्याची मुदत फार थोडी असते. दुसरी अशी की पटलात बसणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत जो भाग संकेत म्हणून वाचला जातो, तोच भाग पेशीला धोक्याचाही असतो. या दोन्ही गोष्टी धरल्या नाहीत तर पेशी एवढा खटाटोप का करते हे कळणारच नाही.

धोका कसला, ते सांगतो. पटल मेदरेणूंच्या दोन थरांचं असतं आणि त्याचा मधला भाग पाण्याला थारा देत नाही. त्यातून आरपार जाणाऱ्या प्रथिनाचा तेवढा भाग, साधारण २० अमिनो आम्लांचा, तसाच जलद्वेषी असावा लागतो. पण हे प्रथिन घडतं ते पाणीदार पेशीद्रव्यात. आमटीवरचे तेलाचे थेंब जसे एकमेकांना चिकटून त्यांचा मोठा तवंग होतो, तसे हे जलद्वेषी भाग उघडे राहिले तर एकमेकांना आणि शेजारच्या प्रथिनांना चिकटतात, गोळा होतो आणि तो पुन्हा सुटत नाही. म्हणून रायबोसोममधून असा भाग डोकं काढतो त्या क्षणापासून त्याला कुणीतरी झाकून धरावं लागतं.

हे झाकून धरणारं पहिलं संकुल ब्लोबेल यांच्या प्रयोगशाळेत पीटर वॉल्टर यांनी वेगळं काढलं: एसआरपी, म्हणजे संकेत ओळखणारा कण. सुरुवातीला ते निव्वळ प्रथिनांचं वाटलं होतं. १९८२ साली त्यात सुमारे ३०० न्यूक्लिओटाइडांचा आरएनए सापडला आणि सगळेच चकित झाले. त्यात सहा प्रथिनं आहेत. त्यांतल्या एकाला मेथिओनिनने भरलेली खोबण आहे. मेथिओनिनची बाजूची शाखा लवचिक आणि जलद्वेषी असते, त्यामुळे वेगवेगळ्या आकाराचे संकेत त्या खोबणीत सामावतात. संकेत पकडला की एसआरपी साखळी वाढण्याचा वेग कमी करतं, रायबोसोमसकट सगळा डोलारा आंतर्द्रव्यजालिकेवरच्या ग्राहकाकडे (रिसेप्टरकडे) नेतं आणि तिथे सोडून परत फिरतं. मुदत थोडी आहे, तर ती ताणून धरण्याची सोय त्याच यंत्रात केलेली आहे.

वेगवेगळे संकेत का सामावून घ्यावे लागतात? कारण त्यांचा कुठलाही ठरलेला क्रम नाही. इन्सुलिनचा संकेत आणि अँटिबॉडीचा संकेत शेजारी मांडले तर अक्षराला अक्षर जुळत नाही. जुळतो तो गुणधर्म: मध्ये सात-आठ किंवा जास्त जलद्वेषी अमिनो आम्लांचा सलग पट्टा. १९८७ साली डेव्हिड बॉटस्टाइन यांच्या गटाने यीस्टमधल्या इन्व्हर्टेज या विकराचा संकेत काढून त्या जागी वाटेल ते, योगायोगाने जुळलेले तुकडे बसवले. त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्याने संकेताचं काम कमीअधिक प्रमाणात करून दाखवलं. अक्षरं वाचणाऱ्या यंत्रणेकडून असा निकाल येणं शक्यच नव्हतं. पेशी इथे जलद्वेषीपणा चाचपते आहे, म्हणजे ज्या गुणामुळे साखळीपासून धोका आहे तोच गुण.

आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात साखळीला आत घेणारी जी वाहिनी असते, तिला सेक-६१ म्हणतात. तिचं आर्किया गटातल्या सूक्ष्मजीवातलं रूप २००४ साली टॉम रॅपोपोर्ट यांच्या गटाने अणूंच्या पातळीवर दाखवलं. मधोमध अरुंद कंबर असलेली, वाळूच्या घड्याळासारख्या आकाराची ही वाहिनी दोन दिशांना उघडते: आरपार पलीकडे, आणि बाजूने थेट मेदाच्या थरात. साखळीचा जलद्वेषी भाग आला की तो बाजूच्या फटीतून पटलात सरकतो. बाकीचा भाग पार जातो. पटलात बसताना कुठलं टोक कुठल्या बाजूला राहील याचाही एक कल स्वीडनच्या गुन्नार फॉन हैने यांनी १९८६ साली दाखवला: धन प्रभार असलेली अमिनो आम्लं पेशीद्रव्याच्या बाजूला राहू पाहतात. क्रम वाचून पटलातली प्रथिनं कशी बसतील याचं भाकीत करणाऱ्या अनेक संगणकी पद्धतींना या निरीक्षणाचा आधार आहे.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकांत बऱ्यापैकी येते. तिथे न येणारी, आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट शेपटीने रुतणाऱ्या प्रथिनांची आहे. काही शेकडा प्रथिनांचा एकुलता एक जलद्वेषी भाग साखळीच्या अगदी शेवटी असतो. पुटिकांची, म्हणजे पेशीतल्या माल वाहणाऱ्या पिशव्यांची, पटलं एकमेकांत मिसळवणारी अनेक प्रथिनं या घरातली, पेशीच्या मरणाचा निर्णय करणारी काही प्रथिनंही याच घरातली. रायबोसोममधला बोगदा साधारण ३० ते ४० अमिनो आम्लं झाकून ठेवतो, त्यामुळे या प्रथिनाची शेपटी बाहेर दिसते तेव्हा साखळी पूर्ण होऊन सुटलेली असते. चालत्या कामात संकेत पकडणाऱ्या एसआरपीच्या नेहमीच्या पद्धतीला इथे वावच उरत नाही. ब्लोबेल यांच्या नळीत उशिरा घातलेल्या पटलांसारखीच ही परिस्थिती, पण इथे प्रथिन तरीही आपल्या जागी पोहोचतं. ते कसं?

अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये सॅंड्रा स्टेफानोविच आणि रामानुजन हेगडे यांनी २००७ साली या शेपटीला धरणारं प्रथिन शोधलं, टीआरसी-४०. यीस्टमधल्या त्याच्या भावंडाला गेट-३ म्हणतात. एटीपीच्या जोरावर त्याचे दोन अर्धे जवळ येतात, त्यांच्यामध्ये जलद्वेषी खोबण तयार होते आणि शेपटी तीत लपते. पुढे आंतर्द्रव्यजालिकेवरच्या ग्राहकापाशी खोबण उघडते आणि शेपटी पटलात उतरते. हेगडे पुढे केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेत गेले आणि त्यांच्या गटाने या गोष्टीची दुसरी बाजूही उलगडली. शेपटी टीआरसी-४० कडे सोपवणाऱ्यांत बॅग-६ नावाचं एक प्रथिन आहे. जी प्रथिनं पटलापर्यंत पोहोचू शकली नाहीत आणि पेशीद्रव्यात उघडी राहिली, त्यांना युबिक्विटिनची खूण लावून मोडीत काढण्याच्या कामातही तेच बॅग-६ आहे. म्हणजे पोहोचवणारे आणि निकालात काढणारे एकाच टोळीतले. संकेत आणि धोका एकाच तुकड्यात असल्याचा हा सरळ परिणाम, आणि म्हणूनच प्रथिनांची पाठवणी आणि त्यांची साफसफाई ही दोन वेगळी प्रकरणं मानायला माझा विरोध आहे. या पुस्तकात ती जोडूनच लिहिली आहेत.

चूक झाल्यावर ती सुधारण्याची सोयही आहे. आंतर्द्रव्यजालिकेत जायची शेपटी कधीकधी तंतुकणिकेच्या बाहेरच्या पटलात रुतते, कारण दोन्ही शेपट्या दिसायला जवळपास सारख्याच. यीस्टमध्ये एमएसपी-१ आणि आपल्यात एटॅड-१ हे प्रथिन अशा चुकून आलेल्यांना पटलातून उपसून काढतं. हे २०१४ साली समजलं, म्हणजे अगदी कालपरवाचं.

तंतुकणिकांच्या वाटेबद्दल इथे थोडक्यात. तिथे जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांच्या पुढच्या टोकाला एक मळसूत्र असतं. त्याची एक बाजू धन प्रभाराची, दुसरी जलद्वेषी. बाहेरच्या पटलातलं टॉम आणि आतल्या पटलातलं टिम ही दोन संकुलं त्याला आत घेतात आणि आतल्या पटलावरचा विद्युतदाब धन प्रभाराला आत ओढतो. प्रथिनाला त्यासाठी घडी मोडून सरळ दोरीसारखं व्हावं लागतं. हे वाक्य लक्षात राहू द्या, पुढे लागेल. हरितलवकांची यंत्रणा वेगळी आणि तितकीच गुंतागुंतीची आहे. तिला पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. आंतर्द्रव्यजालिकेतून पुढे पुटिकांमधून होणाऱ्या प्रवासाबद्दल रॅंडी शेकमन, जेम्स रॉथमन आणि थॉमस झ्युडहोफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं आणि त्यावर मराठीतही बरंच छापून आलं. म्हणून त्या भागातली एकच गोष्ट सांगतो, जी फारशी कुणी सांगत नाही. गॉल्गीत राहणाऱ्या प्रथिनांचा पटलातला भाग आखूड असतो, प्रद्रव्यपटलात राहणाऱ्यांचा लांब. प्रद्रव्यपटलात कोलेस्टेरॉल जास्त असल्याने ते जाड असतं. म्हणजे खुद्द पटलाची जाडीसुद्धा कुणी कुठे थांबावं हे ठरवायला हातभार लावते.

आता हे सगळं चुकतं तेव्हा काय होतं. याचं सर्वांत शिकवणारं उदाहरण यकृतातलं आहे. एजीटी नावाचं एक विकर तिथे ग्लायॉक्झिलेट या पदार्थाचं ग्लायसिन करतं. ते झालं नाही तर ग्लायॉक्झिलेटचं ऑक्झलेट होतं, ऑक्झलेट कॅल्शियमशी जुळतं आणि मूत्रपिंडात खडे धरतात. माणसात हे विकर पेरॉक्सिझोममध्ये असतं. पेरॉक्सिझोमचा संकेत शेवटच्या तीन अमिनो आम्लांत असतो, हे सुरेश सुब्रमणी यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या विकरावर प्रयोग करून १९८० च्या दशकात दाखवलं. पेरॉक्सिझोमची आणखी एक खासियत अशी की त्यात पूर्ण घडी पडलेली, जोडीने असलेली प्रथिनंसुद्धा जाऊ शकतात.

लंडनचे ख्रिस्तोफर डॅनप्युर ऑक्झलेट वाढण्याच्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास करत होते. १९८९ च्या सुमारास त्यांच्या गटाला असे रुग्ण सापडले ज्यांच्या यकृतात एजीटी होतं आणि ते काम करण्याइतपत धडही होतं. फक्त ते पेरॉक्सिझोमऐवजी तंतुकणिकांत जाऊन बसलं होतं. कारण शोधताना दोन बदल हाती लागले. अकराव्या जागेवर प्रोलिनऐवजी ल्युसिन आलं की पुढच्या टोकाला तंतुकणिकेचा एक दुबळा संकेत तयार होतो. एरवी तो निरुपद्रवी राहतो, कारण एजीटी झटकन घडी घालून जोडी बनवतं आणि घडी पडलेलं प्रथिन तंतुकणिकेत शिरू शकत नाही. निरोगी माणसांतही हा बदल अनेकांना असतो. पण त्यासोबत १७० व्या जागेवर ग्लायसिनऐवजी आर्जिनिन आलं, तर जोडी जमायला उशीर होतो. तेवढ्या उशिरात तंतुकणिका साखळीला आत ओढून घेते आणि सुमारे ९० टक्के विकर चुकीच्या जागी जातं. पुन्हा तोच मुद्दा: मुदत चुकली. इथे प्रथिन सदोष आहे म्हणण्यापेक्षा ते चुकीच्या पटलापलीकडे आहे असं म्हणणं जास्त बरोबर. मांजरासारख्या मांसाहारी प्राण्यात हेच विकर मुख्यतः तंतुकणिकांत असतं आणि तिथे ते उत्तम चालतं, कारण मांसाहारातून ग्लायॉक्झिलेट तिथेच तयार होतं. सशात ते पेरॉक्सिझोममध्ये असतं. उत्क्रांतीत आहार बदलला तसा या विकराचा मुक्कामही हलत गेलेला दिसतो.

अजून बरंच कळायचं आहे. ईएमसी नावाचं संकुल २००९ मध्ये यीस्टमध्ये सापडलं, पण ते प्रथिनांना पटलात बसवतं हे सिद्ध व्हायला २०१८ उजाडलं. म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेच्या दारांची यादीच अजून पुरी झाली असेल असं मी म्हणणार नाही. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे की प्रकरणं क्रमाने वाचा, आणि १९७५ च्या प्रयोगाच्या तिन्ही नळ्यांचे निकाल पान झाकून स्वतः मांडून पाहा. ते जमलं तर पुढचं पुस्तक जड जाणार नाही.

विद्यार्थी नसलेल्या वाचकांना एक कळकळीची विनंती. मुतखड्याला आपण मोठ्यांचा, उन्हाळ्याचा, पाणी कमी पिण्याचा आजार मानतो आणि बहुतेक वेळा तो तसाच असतो. पण लहान मुलाला मुतखडा झाला, किंवा तो वारंवार होऊ लागला, तर गोष्ट वेगळी असू शकते. एजीटीचा आजार आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच होतो, म्हणून जवळच्या नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची चाल अनेक समाजांत आहे. वर सांगितलेल्या १७० व्या जागेच्या बदलाचे काही रुग्ण निव्वळ बी-६ जीवनसत्त्वाने सुधारतात. २०२० पासून ऑक्झलेट कमी करणारं लुमासिरान हे औषधही मान्य झालं आहे. मूत्रपिंड निकामी होण्याआधी निदान झालं तर या उपायांचा खरा उपयोग होतो. तेव्हा तुमच्या घरात किंवा शेजारी असं मूल असेल, तर लघवीतल्या ऑक्झलेटची तपासणी झाली आहे का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.